वायबीसीओ प्रकल्पाच्या नोंदी: भाजणी एक, निववणं तीन तऱ्हांचं

१ जुलै २०२४, सोमवार

यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड, म्हणजे वायबीसीओ किंवा प्रयोगशाळेच्या भाषेत नुसतं '१२३' (एक यिट्रियम, दोन बेरियम, तीन तांबं), याचे तीन पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या गोल वड्या, करायचे. पावडर एक, दाब एक, भाजणी एक. फरक फक्त निववण्यात. 'अ' ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश निवेल, 'ब' साध्या हवेत भट्टी बंद केल्यावर आपोआप, आणि 'क' ९०० अंशांवरून एकदम बाहेर काढायचा. (तापमानाचे अंश म्हणजे सगळीकडे सेल्सिअस.) यातला कोणता पेलेट द्रव नायट्रोजनमध्ये अतिवाहक होतो, म्हणजे त्याचा विद्युतरोध शून्य होतो, आणि का, हे रोध, एक्स-रे आणि ऑक्सिजनचं प्रमाण अशा तीन बाजूंनी मोजायचं.

१० ग्रॅम १२३ साठी वजनं: यिट्रियम ऑक्साइड १.६९४८ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ५.९२४५ ग्रॅम, कॉपर ऑक्साइड ३.५८२२ ग्रॅम. बेरीज ११.२०१५ ग्रॅम. यातून सुमारे १.३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जाणार आणि ०.१२ ग्रॅम ऑक्सिजन हवेतून आत येणार, म्हणून शेवटी १० ग्रॅम. भाजण्याआधी आणि नंतर मुशीसकट वजन केलं की कार्बोनेट किती फुटलं याचा ढोबळ अंदाज एक्स-रे काढण्याआधीच मिळतो.

जुलैतली पुण्याची हवा या कामाला वाईट. यिट्रियम ऑक्साइड बाटलीत बसल्या बसल्या ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, म्हणजे १.६९ ग्रॅम मोजताना त्यात थोडं पाणीही मोजलं जातं. ते ९०० अंशांवर रात्रभर तापवून डेसिकेटरमध्ये निवायला ठेवलं. बेरियम कार्बोनेट २०० अंशांवर वाळवलं. यिट्रियम कमी पडलं तर बेरियम आणि तांबं शिल्लक राहतं, त्यांचे आपसांतले ऑक्साइड ९०० अंशांच्या आसपास वितळतात आणि पेलेट मुशीला चिकटतो. 'भट्टी जास्त तापली' असं समजून लोक तापमान कमी करत बसतात. मूळ चूक बहुतेक वेळा तराजूवरची असते.

२ जुलै, मंगळवार

बेरियम कार्बोनेट पोटात गेलं तर विषारी आहे. पाण्यात विरघळत नसलं तरी जठरातल्या आम्लात विरघळतं. मास्क आणि हातमोजे घालूनच काम. खल धुतलेलं पाणी सोडियम सल्फेटच्या द्रावणात ओतायचं, म्हणजे बेरियम सल्फेट तळाशी बसतं आणि ते निरुपद्रवी.

तिन्ही पावडरी अगेटच्या खलात, थोडं ॲसिटोन घालून, तासभर घोटल्या. आधी यिट्रियम आणि कॉपर ऑक्साइड, मग बेरियम कार्बोनेट थोडं थोडं. मिश्रणाचा रंग सगळीकडे सारखा राखाडी दिसला पाहिजे आणि बोटांत चोळल्यावर मैद्यासारखं लागलं पाहिजे. पांढरे ठिपके दिसले तर पुन्हा घोटायचं. इथे वाचवलेली वीस मिनिटं पुढे भट्टीचे बारा तास खातात.

पावडर ॲल्युमिनाच्या पसरट बोटीत पातळ पसरली, थर चार-पाच मिमीपेक्षा जास्त नाही. खोल मुशीत भरली तर तळाशी कार्बन डायऑक्साइड कोंडतो आणि कार्बोनेट फुटायचं थांबतं. नुसतं बेरियम कार्बोनेट ९०० अंशांना फारसं फुटतच नाही. शेजारी कॉपर ऑक्साइड असतं म्हणून ते फुटतं, आणि तेही कणाला कण लागला असेल तिथेच. घोटण्याचा आग्रह त्यासाठी.

भट्टीचं तापमान तपासून घेतलं. के-प्रकारचं थर्मोकपल जुनं झालं की खोटं बोलतं. चिमूटभर मीठ झाकलेल्या मुशीत ठेवून भट्टी सावकाश चढवली. मीठ ८०१ अंशांना वितळतं. वितळलं तेव्हा पडद्यावर ८१२ होते. म्हणजे पडदा ११ अंश जास्त दाखवतो, आणि पुढचे सगळे आकडे ही दुरुस्ती धरून आहेत. मिठाची वाफ भट्टीच्या तारांना मारक असते, म्हणून दोन-चार खड्यांपेक्षा जास्त नको आणि झाकण हवंच.

पहिली भाजणी: ९०० अंश, १२ तास, हवेत.

४ जुलै, गुरुवार

बोट बाहेर काढली. पावडर काळी, पण तळाशी हिरवट झाक. हिरवं म्हणजे '२११' फेज: दोन यिट्रियम, एक बेरियम, एक तांबं. ती अतिवाहक नाही. पहिल्या भाजणीनंतर ती दिसणं अपेक्षितच आहे. घट्ट झालेला थर फोडून पुन्हा घोटला. वजनातली घट अपेक्षेच्या जवळपास नव्वद टक्के. उरलेलं कार्बोनेट अजून आत आहे. दुसरी भाजणी ९१० अंश, १२ तास.

८ जुलै, सोमवार

एक्सआरडी (एक्स-रे विवर्तन), तांब्याची के-अल्फा रेषा. इथले अंश कोनाचे. पहिल्या भाजणीच्या नमुन्यात २३.९ अंशांवर बेरियम कार्बोनेटचं शिखर स्पष्ट आणि ३० अंशांच्या आसपास २११ ची गर्दी. दुसऱ्या भाजणीनंतर २३.९ वरचं शिखर पार्श्वभूमीत बुडालेलं, २११ चा जेमतेम उंचवटा, आणि ३२.५ ते ३२.८ या भागात १२३ चं सगळ्यात उंच शिखर. पुढे जायला हरकत नव्हती, तरी आणखी एकदा घोटून ९१० ला १२ तास दिले. कणांच्या सीमांवर राहिलेलं थोडंसं कार्बोनेट एक्सआरडीला दिसत नाही, पण दाण्यातून दाण्यात जाणाऱ्या विद्युतधारेला ते लगेच अडवतं.

११ जुलै, गुरुवार

पेलेट. १३ मिमीचा साचा, प्रत्येकी १.५ ग्रॅम पावडर, ५ टन भार, म्हणजे साधारण ३७० मेगापास्कल. दाब दोन मिनिटं धरला आणि सावकाश सोडला. एकदम सोडला तर आत अडकलेली हवा फुगते आणि पेलेट आडवा, थराथरांत तडकतो. तडा वरून दिसत नाही, भाजल्यावर टोपीसारखा वरचा थर सुटून येतो. बाइंडर (पावडर धरून ठेवणारा चिकट पदार्थ) घातला नाही, कारण त्यातला कार्बन जळून पुन्हा कार्बोनेट तयार करतो.

कच्चा पेलेट: जाडी २.९ मिमी, घनता ३.९ ग्रॅम प्रति घनसेंमी. १२३ ची सैद्धांतिक घनता ६.३८, म्हणजे ६१ टक्के.

तिन्ही पेलेट एकाच बॉक्स भट्टीत, शेजारी शेजारी, ९३० अंश, २४ तास. खाली ॲल्युमिनाला थेट टेकवायचे नाहीत. ॲल्युमिनियम पेलेटमध्ये शिरतं आणि स्फटिकजाळीतल्या तांब्याची जागा घेतं. म्हणून १२३ च्याच उरलेल्या पावडरीची गादी केली.

१३ जुलै, शनिवार

भट्टी बंद केल्यावर आपोआप निवली. पेलेट: व्यास ११.७ मिमी, जाडी २.५८ मिमी, वजन १.४८८ ग्रॅम. घनता ५.३६, म्हणजे ८४ टक्के. जास्त घनतेचा हव्यास इथे उपयोगाचा नाही. ९२-९५ टक्क्यांच्या वर गेलं की छिद्रं बंद होतात आणि ऑक्सिजन आतपर्यंत पोचायला दिवस लागतात. वर उत्तम, आत अर्धाकच्चा असा पेलेट होतो.

'ब' इथेच तयार झाला, त्याला आता हात लावायचा नाही.

'अ' नळीच्या भट्टीत ठेवला. ऑक्सिजन मिनिटाला ५० मिली, बाहेरच्या टोकाला तेलाचा बबलर. (सिलिकॉन तेलच घालायचं. ऑक्सिजनच्या सान्निध्यात साधं खनिज तेल नको, आणि सिलिंडरच्या रेग्युलेटरच्या आट्यांना तर कुठलंच तेल लावायचं नाही.) कार्यक्रम: मिनिटाला ५ अंशांनी ९०० पर्यंत, २ तास थांबा, मिनिटाला १ अंशाने ४५० पर्यंत उतार, तिथे २४ तास, मग त्याच वेगाने २०० आणि बंद. एकूण साधारण ४० तास आणि १२० लिटर ऑक्सिजन.

४५० च का? तापमान जितकं कमी, तितका समतोलात जास्त ऑक्सिजन जाळीत मावतो. पण तापमान कमी झालं की ऑक्सिजनचं आत सरकणंही मंदावतं. ३०० ला जागा भरपूर, पण कोणी पोचत नाही. ६०० ला पोचतात भराभर, पण जागाच कमी. ४०० ते ५०० हा व्यवहार्य मधला पट्टा.

'क' हवेत ९०० वर २ तास ठेवून चिमट्याने उचलला आणि जाड तांब्याच्या ठोकळ्यावर टाकला, वर दुसरा ठोकळा. काही सेकंदांत लाल रंग गेला. पेलेटला बारीक तडे गेले आहेत, मोजमापाला पुरेल एवढा तुकडा शाबूत आहे.

१८ जुलै, गुरुवार

तिघांचा एक्सआरडी, या वेळी ४६ ते ४८ अंशांचा भाग हळू गतीने. सगळी गोष्ट या दोन अंशांत आहे.

'अ': ४६.६-४६.७ ला एक जाड शिखर आणि ४७.६ ला वेगळं, लहान शिखर. म्हणजे जाळीच्या दोन आडव्या बाजू एकसारख्या नाहीत: ए ३.८२, बी ३.८९ अँगस्ट्रॉम, उभी सी ११.६८. ही ऑर्थोऱ्होंबिक जाळी. 'क': मधलं ४७.१ चं एकच शिखर आणि ४६.१ ला सी-अक्षाचं वेगळं. दोन्ही आडव्या बाजू समान, सी लांबून ११.८. ही टेट्रागोनल. 'ब' मध्ये 'अ'सारखीच फूट, पण शिखरं पसरट. निरनिराळ्या दाण्यांत ऑक्सिजन निरनिराळा आहे.

कारण असं. १२३ च्या जाळीत तांबं दोन प्रकारच्या जागी बसतं. एक तांबं-ऑक्सिजनच्या प्रतलांत, जिथे अतिवाहकता राहते. दुसरं बी-दिशेने जाणाऱ्या तांबं-ऑक्सिजनच्या साखळ्यांत. ऑक्सिजनची ये-जा होते ती साखळ्यांतून. साखळी भरलेली असेल तर ती प्रतलांतले इलेक्ट्रॉन ओढून घेते, प्रतलांत 'होल' (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) तयार होतात आणि वहन सुरू होतं. साखळी रिकामी झाली की प्रतलं कोरडी पडतात. सूत्रातला ऑक्सिजन ७ च्या जवळ असेल तर पदार्थ ९० केल्विनच्या वर अतिवाहक, आणि ६ वर आला तर अतिवाहक तर नाहीच, उलट प्रतिलोहचुंबकी दुर्वाहक. बाकीचे सगळे अणू जागच्या जागी. ऑक्सिजनमध्ये निववताना टेट्रागोनलकडून ऑर्थोऱ्होंबिककडे बदल ७०० अंशांच्या आसपास होतो. त्याच्या वरून एकदम ओढून काढलेल्या 'क'ला साखळ्या भरायला वेळच मिळाला नाही.

२२ जुलै, सोमवार

प्रत्येक पेलेटमधून १० × ३ × २ मिमीची पट्टी. हिऱ्याच्या तारेची करवत, वंगण म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल. पाणी अजिबात नाही. पाण्याशी १२३ ची प्रतिक्रिया होऊन बेरियम हायड्रॉक्साइड होतं, त्याचं हवेत पुन्हा बेरियम कार्बोनेट, आणि पट्टीवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात नमुने सिलिका जेलबरोबर बंद डबीत.

चार संपर्क, चांदी मिसळलेला वाहक रंग लावून केलेले: बाहेरचे दोन धारेसाठी, आतले दोन व्होल्टेजसाठी, आतल्यांमधलं अंतर ५ मिमी. चार कशासाठी, ते आकड्यांत: १२३ ची विशिष्ट रोधकता खोलीच्या तापमानाला १.५ मिलिओहम-सेंमी धरली तर आपल्या पट्टीचा रोध येतो १२.५ मिलिओहम. नुसत्या सुकवलेल्या चांदीच्या एका संपर्काचा रोध ५ ओहम. दोन तारांनी मोजलं तर आपण पदार्थ नव्हे, संपर्क मोजू, आणि अतिवाहकता आली तरी मीटरवर पत्ता लागणार नाही.

'अ'ची पट्टी चांदी लावून ऑक्सिजनमध्ये ४०० अंशांवर तासभर ठेवली. संपर्क ०.१ ओहमच्या खाली आला. 'ब' आणि 'क'ला हा उपाय करता येत नाही, कारण ४०० अंशांवर ते ऑक्सिजन पिऊन बदलतील. त्यांचे संपर्क ५-८ ओहमचेच ठेवले. १० मिलिॲम्पिअरला ८ ओहममध्ये ०.८ मिलिवॉट उष्णता, ती चालते. उतावीळपणे १०० मिलिॲम्पिअर सोडले तर ८० मिलिवॉट, आणि पट्टी थर्मामीटरपेक्षा गरम.

२५ जुलै, गुरुवार

द्रव नायट्रोजनचं १० लिटरचं देवार (थर्मासासारखं भांडं) आलं. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. खिडक्या उघड्या ठेवायच्या, लिफ्टमधून माणसासह देवार न्यायचं नाही, आणि तोंड कधीही घट्ट बंद करायचं नाही.

हे सगळं कॉलेजच्या प्रयोगशाळेत करता येतं, ते १९८७ मुळे. पाऱ्यातली अतिवाहकता १९११ मध्ये लायडनला सापडली ती ४.२ केल्विनला, म्हणजे द्रव हेलियम हवं. १९८६ मध्ये बेडनोर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांत ही घटना ३० केल्विनच्या वर नेली, आणि पुढच्याच वर्षी वू आणि चू यांच्या गटांनी १२३ च्या कुटुंबात ९३ केल्विन गाठलं. द्रव नायट्रोजनची ७७ ची रेषा ओलांडली आणि हेलियमची गरज संपली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम दुसऱ्या टोकांचं आहे: १९९४ मध्ये यिट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन मिश्रणात १२ केल्विनची अतिवाहकता, आणि नंतर शुद्ध बिस्मथमध्ये ०.५३ मिलिकेल्विनला. तिथे नायट्रोजन फक्त पहिल्या पायरीपुरता.

थर्मामीटर पीटी-१००, म्हणजे प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान सांगणारा. बर्फाच्या पाण्यात १००.०५ ओहम. द्रव नायट्रोजनमध्ये २०.३३ ओहम. तक्त्यात ७७.३६ केल्विनला २०.३४ आहे, तेव्हा 'अगदी जुळलं' म्हणून पुढे जायचा मोह होतो. पण ७७.३६ हा उत्कलनबिंदू समुद्रसपाटीच्या दाबाचा. पुणे ५६० मीटरवर आहे, आणि आज बॅरोमीटर ९४३ मिलिबार दाखवतो. या दाबाला नायट्रोजन ७६.७ केल्विनला उकळतो. म्हणजे आपला पीटी-१०० इथे ०.६ केल्विन जास्त सांगतो. साध्या 'बी' वर्गाच्या पीटी-१०० ला एवढ्या थंडीत सव्वा केल्विनपर्यंतची चूक माफ असते, त्यामुळे तो सदोष नाही. फक्त दुरुस्ती लागेल. ९० केल्विनच्या आसपास ०.६ वजा करायचे.

दुसरी खबरदारी: उघड्या थर्मासमध्ये दिवसभर राहिलेल्या द्रवात हवेतला ऑक्सिजन उतरतो आणि उत्कलनबिंदू वर सरकतो. शुद्ध ऑक्सिजनचा ९०.२ आहे. कॅलिब्रेशनला ताजाच द्रव.

२९ जुलै, सोमवार

'अ'चा रोध-तापमान आलेख.

पट्टी तांब्याच्या ठोकळ्यावर ॲपिएझॉन एन ग्रीसने बसवली, मधे सिगारेटचा कागद, म्हणजे उष्णता जाते पण वीज जात नाही. पीटी-१०० त्याच ठोकळ्यात, पट्टीच्या बरोबर खाली. तारा ४० गेजच्या, व्होल्टेजची जोडी एकमेकींत पिळलेली, सगळ्या तारा ठोकळ्याभोवती दोन वेढे देऊन मग पट्टीकडे, नाहीतर खोलीची उष्णता तारांतून थेट पट्टीत उतरते. ठोकळा देवारच्या मानेत दोरीने वरखाली करायचा. द्रवाला न टेकवता, फक्त वाफेत.

प्रत्येक बिंदूला धारा सुलट आणि उलट. १०० केल्विनला +१० मिलिॲम्पिअरवर +४८.३ मायक्रोव्होल्ट, उलट धारेवर −४३.९. फरकाचं निम्मं ४६.१, म्हणजे ४.६१ मिलिओहम. उरलेले २.२ मायक्रोव्होल्ट तारांच्या सांध्यांतल्या उष्मा-विद्युतदाबाचे. एकाच दिशेने मोजलं असतं तर हे २.२ अतिवाहक अवस्थेतही तसेच राहिले असते आणि 'रोध शून्य होत नाही' असा निष्कर्ष निघाला असता.

३०० केल्विन: १२.४ मिलिओहम. खाली जवळजवळ सरळ रेषेत उतार. ९२.४ ला रेषा वाकायला लागते, मध्यबिंदू ९१.३, आणि ९०.१ च्या खाली +२.३ आणि +२.२. दिशा बदलली तरी आकडा तोच, म्हणजे उरलाय तो फक्त उष्मा-विद्युतदाब. आपल्या मीटरच्या भाषेत शून्य म्हणजे ५ मायक्रोओहमपेक्षा कमी; १०० केल्विनला असलेल्या रोधाच्या सुमारे हजारावा भाग. याहून मोठा दावा या उपकरणावर करता येत नाही.

९५ ते ८५ हा भाग मिनिटाला अर्ध्या केल्विनने, खाली जाताना आणि वर येताना दोन्ही. दोन वक्रांत ०.२ केल्विनचं अंतर. हे अंतर १-२ केल्विन दिसलं तर तो पदार्थाचा गुण नव्हे. ठोकळा भराभर हलवल्याने थर्मामीटर आणि पट्टी वेगवेगळ्या तापमानाला आहेत.

१ ऑगस्ट, गुरुवार

'ब': ३०० केल्विनला २१ मिलिओहम, सुरुवात ९०.५, शून्य ८४. संक्रमण साडेसहा केल्विन रुंद, एक्सआरडीतल्या पसरट शिखरांशी जुळणारं. महाविद्यालयांत 'आमचा नमुना नीट आला नाही' असं ज्याबद्दल ऐकू येतं, तो बहुधा असाच असतो. पदार्थ बरोबर, फेज बरोबर, फक्त निववताना घाई.

'क': खोलीच्या तापमानाला ०.९ ओहम, आणि थंड करत जाऊ तसा रोध वाढतो. ७८ केल्विनला ४० ओहम. अर्धवाहकासारखं वागणं. धातूंचं प्रमाण 'अ'चंच, वाटली गेलेली पावडर तीच.

५ ऑगस्ट, सोमवार

'क'चा उरलेला तुकडा १२० अंशांवर वाळवून तोलला: ०.७४२० ग्रॅम. मग 'अ'चाच कार्यक्रम, ऑक्सिजनमध्ये. बाहेर काढून निवल्याबरोबर: ०.७५४१ ग्रॅम. १२.१ मिलिग्रॅम वाढ. तुकड्यात १.१३४ मिलिमोल १२३, वाढलेला ऑक्सिजन ०.७५६ मिलिमोल, म्हणजे सूत्रामागे ०.६७ ऑक्सिजन अणू आत गेला. तराजूची ०.२ मिलिग्रॅमची चूक धरली तर ±०.०१. अतिवाहकता आणि तिचा अभाव यांतला फरक असा साध्या तराजूवर दिसतो.

याच तुकड्याचा रोध: सुरुवात ९२, शून्य ८९. तड्यांमुळे रोध 'अ'पेक्षा जास्त, पण संक्रमण परत आलं. म्हणजे 'क' बिघडलेला नव्हता, उपाशी होता.

८ ऑगस्ट, गुरुवार

वजनातून फरक कळतो, निरपेक्ष ऑक्सिजन नाही. त्यासाठी आयोडोमेट्री (सुटलेलं आयोडीन मोजायची पद्धत), 'अ'ची पावडर, ०.०५ मोलर थायोसल्फेट, दोन टायट्रेशन.

पहिलं: ०.२००० ग्रॅम पावडर विरल हायड्रोक्लोरिक आम्लात उकळली, जास्तीचा ऑक्सिजन बुडबुड्यांनी निघून गेला, सगळं तांबं +२ वर आलं. गार करून पोटॅशियम आयोडाइड, मग टायट्रेशन: १८.०५ मिली. दुसरं: तेवढीच पावडर थेट आम्ल आणि आयोडाइडच्या मिश्रणात, नायट्रोजन वायूच्या बुडबुड्यांखाली, म्हणजे +२ च्या वरचा भारही आयोडीन सोडतो: २३.१० मिली. गुणोत्तर १.२८, म्हणजे तांब्याचा सरासरी भार +२.२८. एकमधून ०.२८ ची तिप्पट वजा करून निम्मं केलं की डेल्टा, म्हणजे ७ पेक्षा कमी पडलेला ऑक्सिजन, मिळतो, ०.०८. ऑक्सिजन ६.९२. मग 'क'चा, त्याने शोषलेला ०.६७ वजा करून, ६.२५. अर्थात दोन्ही तुकडे त्याच कार्यक्रमात त्याच पातळीला भरले असं धरून.

घात होतो तो दुसऱ्या टायट्रेशनमध्ये. हवेतला ऑक्सिजन आम्लातल्या आयोडाइडमधून आपोआप आयोडीन सोडतो आणि उत्तर खोटं मोठं येतं. तेव्हा नायट्रोजन हवाच. स्टार्च शेवटी, रंग फिका पिवळा झाल्यावर. कॉपर आयोडाइडचा मळकट पांढरा साका आयोडीन धरून ठेवतो, म्हणून शेवटाजवळ थोडं थायोसायनेट. ब्युरेटवर ०.१ मिली चुकलं तर डेल्टा ०.०१ ने हलतो.

१३ ऑगस्ट, मंगळवार

रोध शून्य झाला एवढ्यावर नमुना अतिवाहक ठरत नाही. दोन व्होल्टेज तारा एकमेकींना कुठे टेकल्या तरी शून्यच दिसतं, आणि पट्टीत अतिवाहकाचा एकच बारीक धागा असला तरीही. म्हणून चुंबक.

५ मिमी व्यासाचा, २ मिमी जाड निओडिमियम चुंबक. 'अ'चा उरलेला तुकडा द्रवात बुडवून थंड केला आणि चुंबक वरून सोडला: सुमारे ३ मिमीवर तरंगतो. हे मात्र नुसता आदर्श वाहकही करून दाखवील. खरी कसोटी उलट क्रमाची: चुंबक खोलीच्या तापमानालाच तुकड्यावर ठेवायचा, मग द्रव ओतायचा. आदर्श वाहक आतलं क्षेत्र आहे तसं गोठवील आणि चुंबक हलणार नाही. अतिवाहक क्षेत्र बाहेर ढकलतो. १९३३ मध्ये माइसनर आणि ओक्सनफेल्ड यांनी दाखवलं ते हेच. 'अ'वर चुंबक उचलला गेला, पण जेमतेम मिलिमीटरभर. पूर्ण तीन मिमी का नाही? १२३ दुसऱ्या प्रकारचा अतिवाहक; चुंबकाजवळचं क्षेत्र भोवऱ्यांच्या रूपाने आत शिरतं आणि दाण्यांतल्या दोषांना अडकून राहतं. चुंबक बाजूला ढकलला तर परत जागेवर येतो, तेही याच अडकण्यामुळे. 'क'च्या मूळ तुकड्यावर काहीच होत नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

क्रांतिक धारा, म्हणजे अतिवाहकता मोडण्याआधी वाहू शकणारी सगळ्यात जास्त धारा. ३ × २ मिमीच्या पट्टीला कित्येक ॲम्पिअर लागतील आणि संपर्क आधी तापतील, म्हणून मध्यभागी कोरड्या पॉलिश पेपरने घासून १ × १ मिमीची मान केली. व्होल्टेज तारा मानेच्या दोन्ही बाजूंना, २ मिमी अंतरावर. पट्टी पूर्ण द्रवात. धारा एक-दोन सेकंदांच्या ठोक्यांनी, मधे विश्रांती.

प्रचलित निकष सेंटिमीटरला १ मायक्रोव्होल्ट. आपल्या २ मिमीला तो ०.२ होतो आणि मीटरच्या गोंधळात जातो. इथे १ मायक्रोव्होल्ट धरला, म्हणजे सेंटिमीटरला ५. त्या निकषाने १.८ ॲम्पिअर: १८० ॲम्पिअर प्रति चौसेंमी. एकस्फटिकी थरांत हाच आकडा लाखांत जातो. दाण्याच्या आत धारा मजेत वाहते, दाण्यांच्या सीमा मात्र जोसेफसन जोडांसारख्या (दोन अतिवाहकांमधला पातळ अडथळा) कमकुवत दुव्यांचं काम करतात आणि सगळ्या पट्टीची मर्यादा त्या ठरवतात. पुरावा लगेच मिळतो: मानेपाशी १० मिलिटेस्ला क्षेत्र येईल इतक्या अंतरावर चुंबक धरला तर तीच क्रांतिक धारा ०.२ ॲम्पिअरवर आली. दाण्यांच्या आतली अतिवाहकता एवढ्याशा क्षेत्राला दाद देत नाही; तुटतात ते दुवे.

पुढचं मोजमाप याच दुव्यांचं: दोन उलट्या गुंडाळ्यांचं कॉइल करून १ किलोहर्ट्झवर एसी ससेप्टिबिलिटी (बदलत्या चुंबकक्षेत्राला पदार्थाचा प्रतिसाद). क्षेत्राची तीव्रता वाढवली की दाण्यांची पायरी ९१ च्या आसपास जागेवर राहिली पाहिजे आणि दुव्यांची पायरी खाली सरकली पाहिजे. प्रायमरी २०० वेढे, सेकंडरी प्रत्येकी ३००. दोन्ही सेकंडरी रिकाम्या असताना उरणारा संकेत आधी शून्याजवळ आणायचा, पट्टी मग घालायची.